'रीबॅक' : एका नामधातूचा अर्थ आणि व्यवहार

'रीबॅक' हे क्रियापद इंग्रजीच्या सामान्य वाचकास क्वचितच भेटते. जुन्या ग्रंथांच्या विक्रेत्यांच्या याद्या, मोठ्या ग्रंथालयांच्या वर्णनात्मक सूची आणि बांधणीच्या कारागिरांसाठी लिहिलेली पुस्तके एवढ्याच क्षेत्रात त्याचा वावर आहे. फर्मे ज्या बाजूस शिवलेले असतात त्या बाजूला ग्रंथाची पाठ म्हणतात. या पाठीवरचे आवरण झिजले वा तुटले असता, दोन्ही अंगांचे पुठ्ठे आणि आतली शिवण तशीच ठेवून केवळ पाठीवर नवे चामडे अथवा कापड चढविणे, असा या क्रियापदाचा अर्थ होय. अर्थ एका वाक्यात सांगून संपतो. त्यामुळे त्यात चिकित्सा करण्याजोगे काही नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु या शब्दाची घडण उकलू लागले की इंग्रजीतील 'री' या उपसर्गाविषयी विद्यार्थ्यांस जे सांगितले जाते ते अपुरे ठरते, आणि त्याचा व्यवहार पाहू लागले की ग्रंथाकडे पुरावा म्हणून पाहणाऱ्या संशोधकाला या शब्दाने किती सांगितले व किती झाकले, हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम घडणीचा विचार करू जाता एक गोष्ट नजरेत भरते. 'री' म्हणजे 'पुन्हा', आणि 'बॅक' हे क्रियापद. तेव्हा 'रीबॅक' म्हणजे 'पुन्हा बॅक करणे', अशी फोड व्याकरणाच्या सर्वसामान्य पुस्तकावरून कोणीही करील. ही फोड चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचा पुरावा त्याच धंद्यात मिळतो. ग्रंथबांधणीत 'बॅक' हे स्वतंत्र क्रियापद रूढ आहे. फर्मे शिवून पाठीला सरस लावल्यावर कारागीर ती पाठ हातोडीने गोलसर करतो. मग पुस्तक दाबात धरून कडेच्या घड्या दोन्ही बाजूंस ठोकून वळवितो, म्हणजे पुठ्ठे नीट बसावेत असे दोन खांदे तयार होतात. या दुसऱ्या कृतीला इंग्रज कारागीर 'बॅकिंग' म्हणतो. त्यासाठी वेगळी हातोडी असते, वेगळ्या फळ्या असतात. आता ज्या पुस्तकाला 'रीबॅक' केले त्याच्या बाबतीत ही ठोकण्याची कृती पुन्हा केलेली नसते. किंबहुना ती पुन्हा करावी लागू नये, आतला गठ्ठा हलू नये, यासाठीच तर केवळ पाठ बदलण्याचा मार्ग स्वीकारलेला असतो. एकाच कर्मशाळेत, एकाच कारागिराच्या तोंडी 'बॅक' आणि 'रीबॅक' ही दोन क्रियापदे नांदतात आणि दुसरे पहिल्याची पुनरावृत्ती दाखवीत नाही.

याचा उलगडा एवढाच की 'रीबॅक' हा 'बॅक' या क्रियापदापासून नव्हे, तर 'बॅक' या नामापासून सिद्ध झाला आहे. आपल्या व्याकरणपरंपरेतील संज्ञा वापरायची तर तो नामधातू होय. जोड्याला नवा तळ बसविणे यासाठी 'रीसोल', घरावर नवे छप्पर घालणे यासाठी 'रीरूफ', खुर्चीची बैठक नव्याने विणणे यासाठी 'रीसीट', हे सर्व याच कुळातले. नामाचे क्रियापद कसे होते याविषयी ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांचा 1979 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध सुपरिचित आहे. पलंगावर ब्लँकेट घालणे या अर्थी इंग्रजीत 'ब्लँकेट' हेच क्रियापद होते. नामाने दाखविलेली वस्तू दुसऱ्या वस्तूवर ठेवली जाते. परंतु इंग्रजी नामधातूंना दिशा नसते. 'स्किन' म्हणजे कातडे चढविणे नव्हे, काढणे. 'डस्ट' म्हणजे धूळ झाडणे, आणि स्वयंपाकघरात पिठाची भुकटी भुरभुरणे हेही. नुसत्या 'बॅक'ला तर पाठिंबा देणे, मागे सरकणे, घोड्यावर पैज लावणे असे कितीतरी अर्थ आहेत. 'री' लागताच हे सारे अर्थ गळून पडतात आणि एकच उरतो. याचा अर्थ असा की येथे उपसर्ग आधीच सिद्ध असलेल्या क्रियापदाला चिकटलेला नाही. नामाला क्रियापद करण्याच्या कामात त्याचा हात आहे.

मग या 'री'चा अर्थ काय? 'पुन्हा' हा अर्थ अगदीच नाहीसा झालेला नाही. मात्र त्याची जागा बदलली आहे. 'पत्र पुन्हा लिहिले' असे म्हणताना पूर्वी एकदा लिहिण्याची क्रिया झाली हे गृहीत असते. 'जोड्याला नवा तळ बसविला' यात पूर्वी कोणी तळ 'बसविण्याची' तशीच क्रिया केली होती हे गृहीत नसते. जोड्याला तळ होता, एवढेच गृहीत असते. म्हणजे गृहीत धरली जाते ती पूर्वीची स्थिती. पूर्वीची क्रिया नव्हे. ज्याला पाठ होती त्यालाच 'रीबॅक' करता येते. आपल्या सुट्या पानांच्या पोथीला, जी दोन फळ्यांत धरून रुमालात बांधतात, हे क्रियापद लागूच पडत नाही. तिला मुळात पाठ नाही. आणि स्थिती जरी पूर्वीची मिळाली तरी वस्तू पूर्वीची मिळत नाही. पाठ पुन्हा आली, पण ती पाठ आली नाही.

हा भेद शेजारच्या दोन क्रियापदांशी ताडून पाहिला म्हणजे अधिक ठळक होतो. 1820 नंतरच्या एकदोन दशकांत इंग्लंडमध्ये कापडी आवरण स्वतंत्र तयार करून त्यात शिवलेला गठ्ठा बसविण्याची पद्धत रूढ झाली. या आवरणाला 'केस' म्हणतात. गठ्ठा सैल होऊन आवरणातून सुटला असता तो त्याच आवरणात पुन्हा बसविणे म्हणजे 'रीकेस'. येथे 'री' खरोखरीच 'पुन्हा' आहे; वस्तू तीच, कृती तीच. याउलट 'रीबाइंड' म्हणजे जुनी बांधणी संपूर्ण उतरवून नवी करणे. येथे कृती पुन्हा होते, पण पूर्वीच्या कृतीचे फळ नष्ट होते. तीन क्रियापदे, तिन्हींना एकच उपसर्ग, आणि जुन्या वस्तूचे काय झाले या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरे : 'रीकेस'मध्ये ती राहिली, 'रीबाइंड'मध्ये ती गेली, 'रीबॅक'मध्ये एक भाग गेला व बाकीचे राहिले. उपसर्गाच्या अर्थावर भिस्त ठेवून वाचणाऱ्याला यांतले कोणतेच उत्तर हाती लागत नाही. ते धंद्याच्या माहितीतूनच यावे लागते. लेखनात तर आणखी घोटाळा. 'रीबाइंड'चे भूतकाळी रूप चेंडूच्या उसळीला वापरतात त्या 'रिबाउंड' या शब्दाशी अक्षरशः जुळते. 'आवरण नव्याने घालणे' आणि 'परत मिळविणे' या दोन अर्थांच्या 'रीकव्हर' व 'रिकव्हर' या शब्दांत लेखनात फरक राहतो तो केवळ एका संयोगचिन्हाचा. उच्चारात मात्र पहिल्याचा 'री' दीर्घ आणि आघातयुक्त असल्याने कानाला तो कळतो. यांतला दुसरा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला असून 'कव्हर'शी त्याचा काही संबंध नाही. डग्लस कॉकरेल यांनी 1901 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथबांधणीवरील पुस्तकात जुन्या बांधण्या जपण्याच्या प्रकरणात आपल्या क्रियापदाचा विचार येतो, तोही संयोगचिन्हासह. उपसर्ग तेथे अजून पुरता मुरलेला नाही असे त्या चिन्हावरून दिसते.

कॉकरेल यांचे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकातील चामडे त्या काळी मोठ्या प्रमाणात सडत होते. वायूच्या दिव्यांतून निघणारी गंधकयुक्त द्रव्ये आणि चामडे कमावण्याच्या नव्या घाईच्या पद्धती यांवर दोष ठेवला जाई. लंडनच्या 'सोसायटी ऑफ आर्ट्स'ने या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचा अहवाल 1901 मध्ये आला. चामडे प्रथम जाते ते सांध्यावर, जेथे पुठ्ठा उघडताना ते रोज वाकते. आणि पाठीवर, जी कपाटात उभी असताना उजेडाला व हवेला सतत सामोरी असते. आतली पाने धडधाकट, पुठ्ठे शाबूत आणि पाठ मात्र भुसा झालेली, अशी हजारो पुस्तके निर्माण झाली. 'रीबॅक' हे या रोगाचे औषध होय. पुठ्ठ्यांवरचे जुने चामडे कडेला हलकेच उचलायचे, पातळ तासलेले नवे चामडे त्याखाली सरकवायचे, पाठीवरून नेऊन दुसऱ्या बाजूस तसेच सरकवायचे, आणि जुन्या पाठीचे जे तुकडे हाती लागले असतील ते या नव्या चामड्यावर पुन्हा डकवायचे. ही शेवटची पायरी ऐच्छिक आहे, आणि सगळा वाद येथे सुरू होतो.

कारण व्यवहारात हे क्रियापद भेटते ते बहुधा कर्मणी भूतकालवाचक विशेषणाच्या रूपात : 'रीबॅक्ड'. कर्ता नाही, काळ नाही, कर्म तेवढे ग्रंथाच्या नावाने वर छापलेले. 'अमक्याने रीबॅक केले' असे पूर्ण वाक्य विक्रेत्याच्या यादीत विरळाच सापडेल. क्रियापदाने येथे क्रिया सांगणे सोडले आहे आणि ते स्थिती सांगू लागले आहे. जणू रंग किंवा आकार यांसारखा हाही ग्रंथाचा एक गुण. ही दुरुस्ती 1850 ची की गेल्या वर्षीची, हे या रूपातून कळत नाही. स्वल्पविरामानंतर 'ओरिजिनल स्पाइन लेड डाउन' असे आले तर जुनी पाठ वर डकवलेली आहे असे समजते. ते न आले तर? जुनी पाठ नव्हतीच, की होती पण टाकून दिली, की आहे पण यादीकाराने लिहिण्याचा कंटाळा केला? मौनाचे तीन अर्थ होतात, आणि सवयीचा खरेदीदार त्यांतला सर्वांत वाईट धरून चालतो. नवखा सर्वांत चांगला. 'टू स्टाइल' हा शब्दप्रयोग त्यापुढे आला तर नवी पाठ जुन्या काळच्या धर्तीवर सजविली आहे असे जाणावे. आणि 'सिम्पथेटिकली रीबॅक्ड' असेही छापलेले आढळते. येथे सहानुभूती कोणाची कोणाविषयी, हे व्याकरणाने सांगता येणे कठीण. कर्ताच गाळलेला असल्यामुळे क्रियाविशेषणाला टेकायला जागा राहिलेली नाही, आणि ते नकळत विक्रेत्याच्या स्वतःविषयीच्या मताकडे झुकते.

जॉन कार्टर यांच्या 'ए बी सी फॉर बुक कलेक्टर्स' (1952) या कोशाने या परिभाषेला शिस्त लावली, हे मान्य केले पाहिजे. नवी पाठ घालणे, तोच गठ्ठा त्याच आवरणात बसविणे, या गोष्टींना त्यांनी वेगवेगळ्या नोंदी दिल्या. त्यांची दृष्टी मात्र संग्राहकाची आहे. शब्दाने किंमत किती घटते, हा त्यांच्या नोंदींमागचा अव्यक्त प्रश्न. शब्दाने पुरावा किती घटतो, हा संशोधकाचा प्रश्न त्याहून निराळा. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकमेकांविरुद्ध जातात. मोडकळीस आलेली मूळ पाठ विक्रेत्याच्या दृष्टीने व्यंग. अभ्यासकाच्या दृष्टीने तीच ठेव.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओची हकीकत या संदर्भात आठवण्याजोगी आहे. 1623 साली छापलेली ही प्रत ग्रंथालयात आली आणि 1624 मध्ये विल्यम वाइल्डगूस या ऑक्सफर्डच्या कारागिराकडे बांधणीस गेली. पुढे त्या शतकातच ती ग्रंथालयाबाहेर पडली. 1905 च्या जानेवारीत टर्बट नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या घरची एक जुनी प्रत, तिच्या खराब झालेल्या बांधणीविषयी सल्ला घ्यावा म्हणून, बॉडलियनमध्ये आणली. सल्ला दुरुस्तीचा हवा होता. स्ट्रिकलंड गिब्सन यांची नजर त्या बांधणीवर गेली. बांधणी ऑक्सफर्डची, आणि पुठ्ठ्यावर साखळी उखडल्याची खूण. हीच ती गेलेली प्रत. 1906 मध्ये वर्गणी जमवून 3000 पौंडांना ती परत घेण्यात आली. मधल्या अडीचशे वर्षांत कोणा मालकाने हौसेने ती 'रीबाइंड' केली असती तर विद्यार्थ्याच्या हातात उरली असती केवळ छापील पाने, आणि ती पाने फोलिओच्या इतर प्रतींच्या पानांपासून ओळखू येण्यास फारसे काही साधन नव्हते.

पूर्ण बांधणी उतरवणे सदैव निंद्यच, असे मात्र यावरून ठरत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील 'बुक ऑफ केल्स' एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधले गेले तेव्हा पानांच्या कडा कापल्या जाऊन चित्रांचे काही अंश कायमचे गेले. 1953 मध्ये रॉजर पॉवेल यांनी तेच हस्तलिखित पुन्हा बांधले, चार खंडांत. आणि ते पाने जपण्यासाठी. दोन्ही वेळी इंग्रजी क्रियापद एकच, 'रीबाइंड'. एकाने काय गमावले आणि दुसऱ्याने काय वाचविले, एकाचे चार खंड कधी झाले, यांपैकी काहीही त्या शब्दात नाही. 1966 च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आल्यावर तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात जे काम झाले त्यात पॉवेल होतेच. तेव्हापासून 'कन्झर्व' हा शब्द या क्षेत्रात बळावला, आणि 'रिस्टोअर' या शब्दाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

तो संशय अनाठायी नाही. दुरुस्तीच्या इंग्रजी क्रियापदांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गात भागाचे नाव शब्दाच्या पोटातच असते : 'रीबॅक'मध्ये पाठ, 'रीकेस'मध्ये आवरण. दुसऱ्या वर्गात भागाचे नाव नाही, केवळ परिणामाची प्रशस्ती आहे : 'रिस्टोअर', म्हणजे पूर्ववत केले. कशाला हात लावला, हे त्यात येत नाही. या दुसऱ्या वर्गाची परमावधी 'सोफिस्टिकेट' या शब्दात दिसते. आज सामान्य इंग्रजीत त्याच्या भूतकालवाचक रूपाचा अर्थ 'सुसंस्कृत, परिष्कृत' असा आहे. ग्रंथव्यवहाराने मात्र त्याचा जुना, 'भेसळ केलेला' हा अर्थ जपला. एका प्रतीतील उणी पाने दुसऱ्या प्रतीतून घेऊन घातली की तिला हे विशेषण लागते. जुना अर्थ ज्याला ठाऊक नाही तो विक्रेत्याच्या यादीत ते वाचून खूषच होईल. या शब्दाआड काय दडू शकते ते डेव्हिड फॉक्सन यांनी 1959 साली टॉमस वाइज यांच्याविषयीच्या प्रबंधात दाखविले. वाइज यांनी सतराव्या शतकातील नाटकांच्या आपल्या प्रती पुऱ्या करण्यासाठी लागलेली पाने ब्रिटिश म्युझियमच्या प्रतींतून काढलेली होती. वाइज यांच्या मृत्यूनंतर 1937 मध्ये त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमनेच विकत घेतला. म्हणजे आपलीच पाने त्या संस्थेने पैसे मोजून परत आणली. 'रीबॅक्ड' या शब्दाचा कितीही गैरवापर झाला तरी एवढे त्याच्या आड लपविता येत नाही, कारण पाठ बदलली हे त्याला आपल्या नावानेच कबूल करावे लागते. त्या दृष्टीने या कुळातला हा प्रामाणिक शब्द होय; दोष आहे तो त्यापुढचा स्वल्पविराम आणि त्यानंतरची माहिती गाळणाऱ्या लेखनरूढीचा.

मराठीत सूची करणाऱ्यास या क्रियापदासाठी काय योजावे, असा प्रश्न पडतो. 'री'ला 'पुनर्' हा प्रतिशब्द ठरून गेल्यासारखा आहे : पुनर्मुद्रण, पुनर्लेखन. परंतु 'पुनर्'चा सारा भर क्रियेच्या आवृत्तीवर आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे येथे आवृत्ती क्रियेची नाही. शिवाय 'पुनर्बांधणी' हा शब्द राजकीय पक्षांच्या आणि संस्थांच्या संघटनेसाठी इतका रुळला आहे की पुस्तकासंबंधी तो वाचताना क्षणभर अडखळायला होते. मराठीची स्वाभाविक प्रवृत्ती उपसर्गाची नाहीच. पावसाळ्यापूर्वी छपराची कौले वा गवत नीट करणे याला 'शाकारणे' म्हणतात. भांड्याला 'कल्हई करणे' हे पहिल्या वेळी आणि दहाव्या वेळी सारखेच. पुनः पुनः करण्याचा भाव शब्दाला लागलेल्या उपसर्गात नसून त्या कामाच्या रीतीतच आहे. ग्रंथाच्या बाबतीत अशी रीत आपल्याकडे घडली नाही. बाइंडरकडे पुस्तक दिले की तो खळ, कापड आणि नवे पुठ्ठे यांनिशी ते 'बांधून' देतो, आणि पाठ तेवढी बदलली की सारेच बदलले, हे सांगणारे वेगळे क्रियापद व्यवहाराला लागलेच नाही. तेव्हा एका शब्दाचा अट्टाहास सोडून 'नवी पाठ घातलेले' असा वाक्प्रयोग करणे आणि त्यालगत जुन्या पाठीचे काय झाले ते 'जुनी पाठ वर डकवलेली' किंवा 'जुनी पाठ नाही' असे स्पष्ट लिहिणे इष्ट.

यात एकच अडचण संभवते, आणि ती पाठचिकित्सा करणाऱ्या वाचकालाच प्रथम जाणवेल. 'पाठ' स्त्रीलिंगी असता शरीराचा व ग्रंथाचा भाग. पुल्लिंगी असता संहितेतील वाचन. 'प्रतीची पाठ बदललेली आहे' आणि 'प्रतीचा पाठ बदललेला आहे' या दोन विधानांत केवळ लिंगाचा फरक, पण पहिले बाइंडरविषयी आहे व दुसरे संहितेविषयी. समासात तर लिंगही लोपते. 'पाठदुरुस्ती' या शब्दावरून काय दुरुस्त झाले हे कोणीच सांगू शकणार नाही. यास्तव सूचीपुरता 'कणा' हा शब्द स्वीकारणे सोयीचे : 'नवा कणा, तपकिरी चामड्याचा, जुन्या कण्याचे दोन तुकडे वर डकवलेले, दुरुस्तीचा काळ नोंदलेला नाही'.